युक्रेनला मिळालेल्या अमेरिकी लष्करी मदतीचा हिशेब: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

युक्रेनला शस्त्रे द्यावीत की देऊ नयेत, हा या पानाचा विषय नाही. दिलेल्या शस्त्रांचा हिशेब कोण ठेवतो, तो कसा तपासला जातो आणि तपासणीत काय सापडले, एवढ्यापुरतेच हे पान आहे. हिशेब तीन प्रकारचा असतो: पैशाचा, मालाचा आणि वापराचा. वाचकांच्या पत्रांत हे तिन्ही सर्रास एकमेकांत मिसळलेले दिसतात आणि बहुतेक गैरसमजांचे मूळ त्यातच असते.

१. ‘लष्करी मदत’ म्हणजे नेमके काय? अमेरिका युक्रेनला रोख पैसे पाठवते का?

लष्करी मदतीच्या नावाखाली कीव्हला रोख रक्कम सहसा जात नाही. मदतीचे मुख्य मार्ग तीन आहेत. पहिल्यात राष्ट्राध्यक्ष अमेरिकी सैन्याच्या स्वतःच्या कोठारातला माल उचलून देण्याचा आदेश काढतात. १९६१ च्या परदेशी साहाय्य कायद्याप्रमाणे या अधिकाराला एरवी वर्षाला १० कोटी डॉलरची मर्यादा असते. काँग्रेसने, म्हणजे अमेरिकी संसदेने, ती २०२२ च्या आर्थिक वर्षासाठी ११ अब्ज आणि पुढच्या वर्षासाठी १४.५ अब्ज डॉलरपर्यंत वाढवली. ऑगस्ट २०२१ पासून जानेवारी २०२५ पर्यंत हा अधिकार ५५ वेळा वापरला गेला आणि त्याखाली सुमारे ३१.७ अब्ज डॉलरचा माल दिला गेला. दुसरा मार्ग ‘युक्रेन सुरक्षा साहाय्य उपक्रम’ या नावाचा असून त्यात पेंटागॉन, म्हणजे अमेरिकेचे संरक्षण खाते, कारखानदारांशी करार करून नवा माल बनवून घेते. तिसऱ्या मार्गात परराष्ट्र खाते अमेरिकी शस्त्रे विकत घेण्यासाठी अनुदान देते.

२. मग १७५ अब्ज डॉलर हा आकडा कुठून येतो?

२०२२ पासून एप्रिल २०२४ पर्यंत काँग्रेसने पाच पुरवणी विधेयके मंजूर केली आणि त्यांची बेरीज साधारण १७५ अब्ज डॉलर होते. या रकमेत मानवतावादी मदत, युक्रेनच्या सरकारी खर्चासाठी दिलेला निधी, युरोपात वाढवलेल्या अमेरिकी सैन्याचा खर्च आणि अमेरिकेची रिकामी झालेली कोठारे पुन्हा भरण्याचा खर्च असे सगळेच येते. फेब्रुवारी २०२२ नंतरची प्रत्यक्ष लष्करी मदत परराष्ट्र खात्याच्या मोजणीनुसार सुमारे ६७ अब्ज डॉलर आहे. कोठारे भरण्याचा पैसा बहुतांशी अमेरिकेतल्याच कारखान्यांत खर्च होतो. त्यामुळे ‘१७५ अब्ज युक्रेनला दिले’ हे विधान लेखापरीक्षकाच्या दृष्टीने चुकीचे ठरते, मग ते मदतीच्या समर्थकाने केलेले असो वा विरोधकाने.

३. ही तपासणी नेमकी कोण करते? अमेरिकेत कॅगसारखी संस्था आहे का?

आहे. १९२१ पासून काम करणारे शासकीय उत्तरदायित्व कार्यालय, ज्याला या पानावर ‘गाओ’ म्हटले आहे, ते आपल्या कॅगच्या जवळ जाते. कॅग हे घटनेने निर्माण केलेले पद असून त्याचे अहवाल राष्ट्रपतींमार्फत संसदेसमोर आणि पुढे लोकलेखा समितीकडे जातात; गाओ मात्र काँग्रेसचीच संस्था आहे आणि काँग्रेसच्या समित्या तिला विशिष्ट विषयावर तपासणी करायला थेट सांगू शकतात. तिच्या प्रमुखाची मुदत १५ वर्षांची असते, कॅगची ६ वर्षे किंवा वयाच्या पासष्टीपर्यंत.

गाओखेरीज प्रत्येक मोठ्या खात्यात १९७८ च्या कायद्यानुसार महानिरीक्षक, म्हणजे खात्याच्या आतला तपासणीस, असतो. युक्रेनच्या बाबतीत संरक्षण, परराष्ट्र आणि आंतरराष्ट्रीय विकास संस्था (यूएसएड) अशा तीन महानिरीक्षकांकडे काम वाटलेले होते. हे सगळे नंतर तपासणारे झाले. रोजची मोजदाद कीव्हच्या दूतावासातले संरक्षण सहकार्य कार्यालय करते, म्हणजे ते हिशेब ठेवणारे आहे, तपासणारे नव्हे. बातम्यांत ‘अमेरिकी निरीक्षक’ असा शब्द आला की तो यांपैकी कोणासाठी वापरला आहे, हे आधी पाहावे.

४. महानिरीक्षक त्याच खात्यात बसतो, तर तो स्वतंत्र कसा?

कायद्याने तो खातेप्रमुखाच्या सामान्य देखरेखीखाली असला, तरी कोणते लेखापरीक्षण करायचे हे तो स्वतः ठरवतो, त्याचे अहवाल काँग्रेसला जातात आणि त्याला दूर करायचे तर ३० दिवस आधी काँग्रेसला सविस्तर कारणांसह कळवावे लागते. प्रत्यक्षात हे संरक्षण किती पातळ आहे, ते दोनदा दिसले. जानेवारी २०१६ पासून २०२२ च्या अखेरीपर्यंत पेंटागॉनला सिनेटने मंजूर केलेला महानिरीक्षकच नव्हता. जवळपास सात वर्षे हंगामी अधिकाऱ्यांवर काम चालले आणि युक्रेनला सर्वाधिक वेगाने शस्त्रे गेली ते महिने नेमके याच काळातले आहेत. नंतर रॉबर्ट स्टॉर्च आले. जानेवारी २०२५ मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी इतर अनेक महानिरीक्षकांसह त्यांना ३० दिवसांची सूचना न देता काढून टाकले. सप्टेंबर २०२५ मध्ये एका संघीय न्यायाधीशाने ही कृती बेकायदा ठरवली, पण त्यांना पुन्हा पदावर बसवण्याचा आदेश दिला नाही. माझ्या मते अमेरिकी व्यवस्थेची खरी कच्ची बाजू युक्रेनच्या कोठारांपेक्षा या नियमात आहे, कारण ज्याने नियम मोडला त्याला त्याची किंमत मोजावी लागत नाही.

५. अफगाणिस्तानसाठी वेगळा विशेष महानिरीक्षक होता. युक्रेनसाठी तसा का नेमला नाही?

अफगाणिस्तानच्या पुनर्बांधणीसाठी २००८ मध्ये स्वतंत्र कार्यालय उभारले गेले. २०१२ पासून जॉन सोप्को त्याचे प्रमुख होते आणि न चाललेल्या विमानांपासून कागदावरच्या सैनिकांपर्यंत अनेक गोष्टी या कार्यालयाने उघड्यावर आणल्या. मे २०२२ मध्ये सिनेटर रँड पॉल यांनी ४० अब्ज डॉलरचे विधेयक रोखून धरले ते याच मागणीसाठी: अफगाणिस्तानच्या कार्यालयाला युक्रेनचेही काम द्या. पुढे सिनेटर जॉश हॉली यांनी नव्या कार्यालयाचा प्रस्ताव मांडला, तोही आवश्यक मतांअभावी पडला.

तडजोड डिसेंबर २०२३ च्या संरक्षण अधिकृतता कायद्यात झाली. नवे कार्यालय उभारण्याऐवजी तिन्ही महानिरीक्षकांच्या आधीच चालू असलेल्या समन्वयाला वैधानिक रूप मिळाले, त्याचे नेतृत्व पेंटागॉनच्या महानिरीक्षकाकडे आले आणि दर तिमाहीला अहवाल देण्याचे बंधन घातले गेले. या व्यवस्थेच्या बाजूने सांगण्यासारखे हे की नवे कार्यालय माणसे नेमून कामाला लागेपर्यंत वर्ष गेले असते. विरुद्ध बाजूने सांगण्यासारखे हे की एका विषयाला वाहिलेले कार्यालय आणि अनेक कामांपैकी एक म्हणून तो विषय पाहणारे कार्यालय यांच्या चिकाटीत फरक पडतो.

६. ‘अंतिम वापर देखरेख’ म्हणजे काय? प्रत्येक बंदुकीची नोंद असते का?

१९७६ च्या शस्त्र निर्यात नियंत्रण कायद्यात १९९६ मध्ये एक कलम घातले गेले. अमेरिकेने दिलेले शस्त्र ज्याला दिले त्याच्याकडेच आहे, ठरल्या कामासाठीच वापरले जात आहे आणि सुरक्षित ठेवले आहे, याची खात्री सरकारने करावी, असे ते सांगते. सरकारी मार्गाने दिलेल्या शस्त्रांसाठी पेंटागॉनचा ‘गोल्डन सेंट्री’ आणि कंपन्यांनी थेट विकलेल्या शस्त्रांसाठी परराष्ट्र खात्याचा ‘ब्ल्यू लँटर्न’ असे दोन कार्यक्रम त्यातून चालतात.

गोल्डन सेंट्रीत दोन पातळ्या आहेत. सामान्य पातळीवरच्या मालाची देखरेख इतर कामे करता करता होते. वाढीव पातळी संवेदनशील तंत्रज्ञानाच्या थोड्या वस्तूंपुरती असते: रणगाडे भेदणारी जॅव्हलिन आणि खांद्यावरून विमाने पाडणारी स्टिंगर क्षेपणास्त्रे, स्विचब्लेड ड्रोन, रात्री पाहण्याची उपकरणे, एआयएम-९एक्स आणि अ‍ॅमराम ही हवेतून हवेत मारा करणारी क्षेपणास्त्रे. यांतल्या प्रत्येक नगाचा अनुक्रमांक माल पोहोचल्यापासून ९० दिवसांत आणि त्यानंतर दरवर्षी तपासायचा असतो. १५५ मिलिमीटरचे तोफगोळे, रायफलींची काडतुसे, चिलखती गाड्या हे काहीच या यादीत येत नाही. युद्धात गेलेल्या मालाचा वजनाने फार मोठा भाग म्हणजे दारूगोळा, आणि त्याची नगवार मोजणी कोणी करत नाही. ती करावी असे कायदाही म्हणत नाही.

७. युद्ध चालू असताना निरीक्षक आघाडीवर जाऊन मोजतात का?

जात नाहीत. फेब्रुवारी २०२२ मध्ये कीव्हचा दूतावास रिकामा केला होता आणि परतल्यावरही कर्मचाऱ्यांच्या हालचालींवर कडक बंधने राहिली. म्हणून डिसेंबर २०२२ मध्ये पेंटागॉनने युद्धग्रस्त भागासाठी नियम बदलले. युक्रेनी सैन्याला हातात धरायचे बारकोड वाचक यंत्र दिले गेले, त्यांनी अनुक्रमांक नोंदवून कळवावेत आणि अमेरिकी अधिकाऱ्यांनी जिथे जाता येईल तिथल्या कोठारांची प्रत्यक्ष तपासणी करावी, अशी विभागणी झाली. युक्रेनने सामग्रीच्या हालचालींसाठी नाटोची ‘लॉगफास’ ही संगणक प्रणालीही स्वीकारली.

माल घेणाराच मोजणीही करतो, ही यातली उघड अडचण आहे. खंदकात बसलेल्या तुकडीकडे जॅव्हलिन गेले की ते डागेपर्यंत तिथेच राहते, आणि गोळीबारात यंत्र घेऊन बारकोड वाचत फिरावे ही अपेक्षा वॉशिंग्टनमध्ये बसूनच करता येते.

८. ‘एक अब्ज डॉलरची शस्त्रे गायब’ अशी बातमी आली होती. ती खरी का?

जानेवारी २०२४ मध्ये पेंटागॉनच्या महानिरीक्षकांचा अहवाल आला, त्यावरची ही बातमी. वाढीव देखरेखीखालच्या सुमारे १.६९ अब्ज डॉलरच्या मालापैकी १.००५ अब्ज डॉलरच्या, म्हणजे ५९ टक्के मालाची अनुक्रमांकवार मोजणी २ जून २०२३ पर्यंत मुदतीत झालेली नव्हती, असे त्यात म्हटले होते. ‘मोजणी थकीत’ आणि ‘माल गायब’ यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. माल चोरीला गेला का, हे शोधणे या लेखापरीक्षणाच्या कक्षेतच नव्हते, आणि तसे अहवालात स्पष्ट लिहिले होते. आधीच्या महिन्यांपेक्षा थकबाकी बरीच कमी झाल्याचेही त्यात नमूद होते.

तरीही अहवाल गंभीरच होता. मोजणी झालेली नसेल तर चोरी झाली नाही असेही छातीठोकपणे म्हणता येत नाही, आणि खांद्यावरून विमान पाडता येणाऱ्या क्षेपणास्त्राच्या बाबतीत एवढी मोकळी जागा राहणे कोणालाच परवडणारे नाही. शीर्षक लिहिणाऱ्यांनी पहिली बाजू पुसली आणि खुलासे देणाऱ्यांनी दुसरी.

९. थोडक्यात सांगा: शस्त्रे चोरीला गेली का?

छोट्या घटना घडल्या. युद्धाच्या पहिल्या महिन्यांत गुन्हेगारी टोळ्या आणि काही स्वयंसेवक लढवय्ये यांनी शस्त्रे लांबवल्याची आणि युक्रेनी सुरक्षा यंत्रणेने ती परत मिळवल्याची प्रकरणे महानिरीक्षकांच्याच एका अहवालात आहेत. तो माहिती अधिकाराच्या अर्जामुळे २०२३ मध्ये बाहेर आला. अमेरिकी मदतीतली संवेदनशील शस्त्रे मोठ्या प्रमाणावर काळ्या बाजारात गेल्याचा पुरावा मात्र तपास अधिकाऱ्यांनी जानेवारी २०२४ पर्यंत मांडलेला नव्हता. ‘पुरावा सापडला नाही’ या वाक्याचे वजन किती धरायचे, ते मोजणी किती झाली यावर ठरते. त्यासाठी प्रश्न ८ पाहावा. युद्ध संपल्यावर सैनिक घरी परततील, तेव्हाचा धोका याहून मोठा असेल.

१०. गडबड युक्रेनच्या बाजूलाच होते का?

नाही, आणि ही बाब वर्तमानपत्रांत फार कमी आली. पोलंडमधल्या झेशुफजवळचे यासिओन्का विमानतळ हे मालाचे मुख्य ठाणे. महानिरीक्षकांच्या पथकाने तिथे पाच खेपा उतरताना पाहिल्या. त्यांपैकी तीन खेपांत किती माल निघाला होता आणि किती पोहोचला याचा मेळच कर्मचाऱ्यांना घालता आला नाही, कारण सोबत यायला हवे ते कागद आलेले नव्हते. म्हणजे माल युक्रेनच्या हद्दीत जाण्याआधीच, अमेरिकी ताब्यात असताना, साखळीची कडी सुटलेली होती.

कुवेतमधल्या अमेरिकी कोठाराची कथा आणखी वेगळी आहे. तिथून द्यायच्या सहा एम-७७७ तोफा आणि २९ हमवी गाड्या कागदोपत्री सज्ज होत्या. बाहेर काढल्यावर सहाच्या सहा तोफा नादुरुस्त आणि बहुतेक गाड्या निकामी निघाल्या. काहींचे टायर वापराविना कुजले होते. मे २०२३ चा हा अहवाल युक्रेनच्या मदतीसाठी लिहिला गेला, पण त्यात उघडा पडला तो अमेरिकेच्या स्वतःच्या राखीव साठ्याची देखभाल करणारा ठेका. परदेशी मदतीचे लेखापरीक्षण अनेकदा देणाऱ्याच्याच घरातली धूळ दाखवते, याचे इतके चांगले उदाहरण दुसरे सापडणार नाही.

११. पेंटागॉनला अचानक ६.२ अब्ज डॉलर ‘सापडले’ ते कसे?

कोठारातला माल देताना त्याची किंमत किती धरायची, हा या प्रकरणाचा गाभा आहे. कायद्याच्या मर्यादेत (प्रश्न १) प्रत्येक खेपेची किंमत वजा होत जाते. सैन्याच्या विभागांनी बऱ्याच वस्तूंची किंमत आज नवी घ्यायला किती पडेल या दराने लावली होती, तर नियमाप्रमाणे ती घसारा वजा जाता वहीत उरलेल्या मूल्याने लावायला हवी होती. पंधरा वर्षे धावलेली एसटी ग्रामपंचायतीला फुकट देऊन वहीत नव्या गाडीची किंमत लिहावी, तसे हे झाले. जून २०२३ मध्ये पेंटागॉनने जाहीर केले की २०२२ च्या आर्थिक वर्षात २.६ आणि २०२३ मध्ये ३.६ अब्ज डॉलर जास्तीचे मोजले गेले. जुलै २०२४ मध्ये गाओने आणखी सुमारे २ अब्ज डॉलरच्या चुका दाखवल्या आणि कायद्यातली ‘मूल्य’ या शब्दाची व्याख्याच अशा देणगीला नीट बसत नसल्याचे नोंदवले.

यात कोणाच्या खिशात काही गेले नाही. पण मर्यादेतली जागा वाढली आणि काँग्रेसकडे पुन्हा न जाता तेवढा माल आणखी देता आला, म्हणून या चुकीला राजकीय वजन आले. हा घोळ अमेरिकेपुरता नाही. ब्रिटनच्या राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये दाखवले की ब्रिटिश साठ्यातून दिलेल्या सामग्रीचे पुस्तकी मूल्य १७.१५ कोटी पौंड होते, आणि तीच पुन्हा घेण्यासाठी अपेक्षित खर्च २.७१ अब्ज पौंड. दोन्ही आकडे बरोबर आहेत. ‘अमुक देशाने इतक्याची मदत दिली’ अशी तुलनात्मक कोष्टके वाचताना कोणता देश कोणत्या दराने मोजतो, हे आधी विचारावे.

१२. युक्रेनच्या संरक्षण खात्यात अंड्यांचा आणि तोफगोळ्यांचा घोटाळा झाला, तो अमेरिकेच्या पैशाचा होता ना?

नव्हता. जानेवारी २०२३ मध्ये युक्रेनी पत्रकारांनी उघड केले की सैनिकांच्या जेवणाच्या करारात एका अंड्याला १७ रिव्निया (युक्रेनचे चलन) दर लावला होता. दुकानात ते ७ च्या आसपास मिळत होते. उपमंत्र्यांनी लगेच राजीनामा दिला आणि सप्टेंबरमध्ये मंत्री ओलेक्सी रेझनिकोव्ह पायउतार झाले. जानेवारी २०२४ मध्ये युक्रेनच्या सुरक्षा सेवेने जाहीर केले की एक लाख उखळी तोफगोळ्यांसाठी दीड अब्ज रिव्निया, म्हणजे सुमारे ४ कोटी डॉलर दिले गेले आणि गोळे आलेच नाहीत. दोन्ही खरेद्या युक्रेनच्या स्वतःच्या अंदाजपत्रकातल्या होत्या. अमेरिकी लष्करी मदत माल म्हणून येते, त्यामुळे खरेदीत टक्केवारी खाण्याची संधी तिथे कमी असते. मात्र जे खाते स्वतःच्या पैशाची अशी वाट लावते ते आलेल्या मालाची काळजी कशी घेईल, हा वाचकांचा प्रतिप्रश्न रास्त आहे आणि अमेरिकी अहवालांनीही तो धोका म्हणून नोंदवलेला आहे.

१३. युक्रेनचे स्वतःचे लेखापरीक्षक काय करतात?

तिथे संसदेला जबाबदार असलेले लेखा मंडळ, सरकारची राज्य लेखापरीक्षण सेवा आणि भ्रष्टाचाराच्या तपासासाठी राष्ट्रीय भ्रष्टाचारविरोधी ब्युरो अशा संस्था आहेत. जुलै २०२२ मध्ये संसदेने परदेशी शस्त्रांवर नजर ठेवण्यासाठी तात्पुरती विशेष समिती नेमली. तोफगोळ्यांचे प्रकरण (प्रश्न १२) देशातल्याच यंत्रणेने बाहेर काढले, हे त्यांच्या खात्यावर जमा करायला हवे.

१४. पगार आणि निवृत्तिवेतनासाठी दिलेला निधी कोण तपासते?

ती लष्करी मदत नाही. तो निधी मुख्यतः जागतिक बँकेच्या ‘पीस’ प्रकल्पातून गेला. झालेल्या खर्चाची कागदपत्रे पाहून परतफेड, अशी त्याची रीत होती. आंतरराष्ट्रीय विकास संस्थेने देखरेखीसाठी डेलॉइट या लेखा कंपनीला नेमले होते. जुलै २०२५ मध्ये ती विकास संस्थाच गुंडाळली गेली.

१५. एक देश दुसऱ्याचे शस्त्र युक्रेनला देऊ शकतो का?

मूळ देशाच्या परवानगीशिवाय नाही. ही अट विक्रीच्या करारातच असते आणि अनेकदा तीच देखरेखीचे सर्वांत धारदार हत्यार ठरते. २०२२ च्या सुरुवातीला एस्टोनियाला जुन्या पूर्व जर्मनीच्या तोफा युक्रेनला द्यायच्या होत्या, जर्मनीची संमती लवकर मिळाली नाही. जर्मनीने दिलेल्या गेपार्ड विमानवेधी तोफांचा दारूगोळा स्विस बनावटीचा होता. स्वित्झर्लंडने तटस्थतेच्या कायद्याकडे बोट दाखवून तो पुढे द्यायला नकार दिला. पोलंडला लेपर्ड रणगाडे पाठवण्यासाठी जर्मनीची वाट पाहावी लागली ती जानेवारी २०२३ पर्यंत.

१६. भारतात बनलेले गोळे युक्रेनमध्ये पोहोचल्याची बातमी होती. ती याच नियमात बसते का?

नियमाचा प्रकार तोच, कायदा भारताचा. सप्टेंबर २०२४ मध्ये रॉयटर्सने असे वृत्त दिले की भारतीय कारखान्यांतून युरोपीय ग्राहकांना विकलेला दारूगोळा पुढे युक्रेनला गेला. परराष्ट्र मंत्रालयाने ते वृत्त तर्काधारित आणि दिशाभूल करणारे असल्याचे सांगून भारताने निर्यातीचे कोणतेही नियम मोडले नसल्याचे म्हटले. नागपूर, भद्रावती, खडकी, वरणगाव या पट्ट्यात दारूगोळ्याचे कारखाने असल्याने महाराष्ट्रातून या प्रश्नाची पत्रे अधिक येतात. निर्यात वाढत जाईल तसतसे अंतिम वापराचे प्रमाणपत्र घेणे एवढ्यावर थांबायचे, की विकल्यानंतरही मालामागे जायचे, हे भारतालाही ठरवावे लागेल.

१७. भारताच्या अमेरिकी शस्त्रांचीही अशी तपासणी होते का? आणि पाकिस्तानच्या एफ-१६ विमानांची?

दोन्हींची होते. भारत आणि अमेरिका यांच्यात अंतिम वापर देखरेखीची सहमती जुलै २००९ मध्ये, हिलरी क्लिंटन यांच्या दिल्ली भेटीत झाली आणि त्यावर संसदेत गदारोळही झाला. त्याआधी २००८ मध्ये कॅगने ‘आयएनएस जलाश्व’ या अमेरिकेकडून घेतलेल्या जुन्या जहाजाच्या करारातल्या तपासणीच्या आणि आक्रमक वापरावरील बंधनाच्या अटींवर टीका केली होती. म्हणजे तपासला जाणारा देश याकडे कसा पाहतो, हे आपल्याला कीव्हला विचारायची गरज नाही.

पाकिस्तानच्या एफ-१६ विमानांवर अधिक कडक तांत्रिक देखरेख आहे. बालाकोटनंतर, २८ फेब्रुवारी २०१९ रोजी भारताने अ‍ॅमराम क्षेपणास्त्राचे अवशेष दाखवून या विमानांच्या वापराचा प्रश्न उपस्थित केला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अमेरिकी परराष्ट्र खात्याच्या एका वरिष्ठ अधिकाऱ्याने मंजुरी नसलेल्या तळांवर विमाने हलवल्याबद्दल पाकिस्तानच्या हवाई दलप्रमुखांना पत्र लिहून समज दिली. पत्र डिसेंबरमध्ये बाहेर आले. दंड किंवा बंदी झाली नाही. पैशाच्या हिशेबाचे उदाहरण याहून ठसठशीत आहे. दहशतवादविरोधी मोहिमांच्या खर्चाची भरपाई म्हणून पाकिस्तानला दिलेल्या ५.५६ अब्ज डॉलरची तपासणी गाओने २००८ मध्ये केली, तेव्हा प्रत्यक्षात बांधल्याचा पुरावा नसलेल्या रस्त्यांसाठी ३ कोटी आणि खंदकांसाठी दीड कोटी डॉलर, तसेच विमानेच नसलेल्या शत्रूविरुद्ध हवाई संरक्षण रडारांसाठी सुमारे २० कोटी डॉलर दिल्याचे आढळले. युक्रेनला माल देणे आणि पाकिस्तानला बिले पाहून पैसे देणे यांतला फरक इथे कळतो.

१८. शस्त्र जागेवर आहे, पण त्याचा वापर बेकायदा झाला, तर?

तो तिसरा हिशेब, आणि सर्वांत कच्चा. मानवी हक्कांचे गंभीर उल्लंघन करणाऱ्या परदेशी तुकडीला मदत देण्यास लेही कायदा मनाई करतो. पण मदत कोणत्या तुकडीकडे गेली हे कळले तरच तो लागू करता येतो. इस्रायलला २०१६ च्या करारानुसार दहा वर्षांत ३८ अब्ज डॉलर मिळतात आणि तिथे शस्त्र नेमक्या तुकडीपर्यंत माग काढण्याजोगे नसते. मे २०२४ मध्ये बायडेन प्रशासनाने काँग्रेसला सांगितले की अमेरिकी शस्त्रे आंतरराष्ट्रीय मानवतावादी कायद्याशी विसंगत रीतीने वापरली गेल्याचे मानणे वाजवी आहे, परंतु विशिष्ट घटनांबाबत पूर्ण माहिती नाही. मदत चालू राहिली. सौदी अरेबिया आणि संयुक्त अरब अमिरातींबाबत गाओने २०२२ मध्ये याच प्रकारची पोकळी दाखवली होती. गोल्डन सेंट्री शस्त्र कुठे आहे ते पाहते. ते कोणावर चालले हे पाहण्यासाठी तो कार्यक्रम बनवलेलाच नाही.

१९. लेखापरीक्षणात दोष सापडला तर पुढे काय होते?

शिफारस होते. खाते ती मान्य करते किंवा नाकारते आणि मान्य केलेली शिफारस पूर्ण होईपर्यंत ‘खुली’ राहते. फौजदारी बाब असेल तर महानिरीक्षकांचे तपास अधिकारी ती न्याय खात्याकडे देतात. शस्त्रपुरवठा थांबवण्याचा अधिकार लेखापरीक्षकाला नाही. मार्च २०२५ मध्ये अमेरिकेने काही दिवस मदत रोखली, तो राजकीय निर्णय होता. कोणत्याही अहवालाचा त्याच्याशी संबंध नव्हता.

२०. आता युरोपीय देश पैसे देऊन अमेरिकी शस्त्रे युक्रेनला देतात. मग तपासणी कोणाची?

जुलै २०२५ मध्ये नाटोमार्फत ही व्यवस्था सुरू झाली. त्यात अमेरिकी करदात्याचा पैसा नसल्याने पैशाचा हिशेब त्या त्या देशाच्या लेखापरीक्षकाकडे जातो. शस्त्र अमेरिकी असल्यामुळे अंतिम वापराच्या अटी मात्र सुटत नाहीत. युरोपीय महासंघाचा ‘युरोपीय शांतता निधी’ अंदाजपत्रकाबाहेरचा असून त्याचे लेखापरीक्षण वेगळे लेखापरीक्षक मंडळ करते. एकाच खेपेसाठी तीन देशांचे नियम लागू होण्याची वेळ त्यामुळे येते.

२१. रशियाने जिंकून घेतलेले किंवा लढाईत नष्ट झालेले शस्त्र हिशेबात कसे दाखवतात?

डागलेले, नष्ट झालेले आणि शत्रूच्या हाती पडलेले असे तिन्ही प्रकार युक्रेनने अनुक्रमांकासह कळवायचे असतात आणि त्यानंतर तो नग नोंदीतून वगळला जातो. लढाईत गमावलेला माल ‘वळवलेला माल’, म्हणजे जाणूनबुजून भलत्याच हाती दिलेला माल, धरला जात नाही, कारण त्यात मालकाचा हेतू नसतो. अडचण पुराव्याची आहे: डागलेल्या जॅव्हलिनची रिकामी नळी कोणी परत आणत नाही, म्हणून तुकडीच्या अधिकाऱ्याचा लेखी अहवाल हाच पुरावा ठरतो, आणि तो अनेकदा महिन्यांनी येतो. तोपर्यंत तो नग प्रश्न ८ मधल्या थकीत मोजणीतच दिसत राहतो.